ताण द्यावा

ताण या शब्दाचा अर्थ मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तंजावूरच्या दक्षिण रस्त्यावरच्या एका टेलिफोन बूथमध्ये कळला. मार्चमधला रविवार होता. बंगळूरला अखिलाला, माझ्या मुलीला, फोन करायचा म्हणून मी बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलो होतो. काचेच्या खोलीत एक जाडजूड गृहस्थ फोनमध्ये ओरडत होते. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर मोठ्या देवळातली ताजी विभूती. ते मराठी बोलत होते, आणि तेही महाराष्ट्रातलं, शब्द एकमेकांना धक्के देत पुढे जातात तसलं. आम्हां तंजावूरकरांचं मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे घेत जातं. असलं मराठी कानावर आलं की मी आधी नुसता नाद ऐकतो, अर्थ मागाहून येतो. त्या दिवशीही तसंच झालं. "अरे, बागेला ताण दिलाय ना आपण? मग मोटर कुणाला विचारून चालू केलीस?" ते म्हणत होते. "गळू देत पानं. ताण म्हणजे ताण! महिनाभर थेंब सोडायचा नाही. मुळं खाली जाऊ देत की जरा पाण्याच्या शोधात." मी नाद ऐकून मनातल्या मनात खूश होत होतो, आणि मग मुळं हा शब्द आला, आणि माझं खूश होणं तिथेच थांबलं. शेजारी त्यांची बायको बसली होती, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. मी अनोळखी बाईशी आपण होऊन कधी बोललेलो नाही. पण म्हणालो, "बाई, एक पुसू का? ताण म्हणजे काय?"

"अगंबाई! तुम्ही मराठी?" तिचा चेहरा एकदम उजळला. "इतक्या लांब? ताण म्हणजे पाणी तोडायचं हो झाडाचं. डाळिंबाला देतात आमच्यात."

"दोर नव्हे?"

"कसला दोर?"

"झाडाला बांधायचा. वाऱ्यासाठी."

ती तोंडाला पदर लावून हसली. "झाड म्हणजे काय बैल आहे का, दोर बांधायला?" हसण्यात वाईट काही नव्हतं. बूथवाल्याने "सार, तुमचा नंबर," म्हणून हाक मारली, पण मी तोवर उठून रस्त्यावर आलो होतो, छत्री बाकावर विसरून. ती बाई मागून "अहो काका, अहो" करत छत्री घेऊन आली. मी तिचे आभारही नीट मानले नाहीत.

मी काय केलं होतं ते इतकंच सांगण्यासारखं आहे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी भुवना, तिचा नवरा कार्तिकेय. कार्तिकेयने खतांच्या कंपनीतली फिरतीची नोकरी सोडून वल्लमजवळच्या आपल्या वडिलार्जित माळावर ऑलिव्हची एकशेवीस रोपं लावली होती. रोपं नाशिककडच्या एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी दिली होती आणि पाण्याविषयी चार पानांचं पत्र मराठीत लिहून पाठवलं होतं. कार्तिकेय घरात मराठी बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. आमच्यात फार थोड्यांना येतं. ते पत्र मी वाचलं. त्यात होतं, 'पावसाळ्याच्या अखेरीस झाडांना महिनाभर ताण द्यावा. नीट ताण बसला की मुळे खाली जातात.' मी सांगितलं की झाडांना दोर बांधायचे आहेत. दोर बांधले गेले, पाणी चालूच राहिलं, आणि अठ्ठ्याऐंशी झाडं मुळाशी कुजून मेली. दोष आला कलियपेरुमाळवर. हा पाणी पाहणारा माणूस. आठ दिवसांपूर्वी कार्तिकेयने त्याला काढून टाकलं, आणि आज चार वाजता मी कार्तिकेयच्या घरी जाऊन नाशिकला पत्र लिहायचं ठरलं होतं, मराठीत, की माणसाने सूचना पाळल्या नाहीत म्हणून रोपं गेली. माझ्या अक्षरात.

घरी येऊन मी जेवलो नाही. ते पत्र माझ्याकडेच होतं, पंचांगात ठेवलेलं. काढून पुन्हा वाचलं. आता ते वाक्य इतकं सरळ दिसत होतं की मला त्या कागदाचाच राग आला. मला वाटतं, चूक झाली ती शब्दामुळे नव्हे, वाक्यात सगळं नीट बसल्यामुळे झाली. पावसाळ्याची अखेर म्हणजे आमच्याकडे मार्गळीचा महिना, डिसेंबर-जानेवारी, आणि मार्गळी म्हटलं की आम्हांला वादळ आठवतं. बंगालच्या उपसागरातून येतं ते, एका रात्रीत नारळाचे शेंडे पिळून टाकतं. लहान झाडांना महिनाभर दोर द्यायचे, हे या मुलखातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दोर घट्ट असला की मुळं धरतात, तेही बरोबरच. मी शब्दकोशही पाहिला होता. 'ताण: ओढ, तणाव, ताठ धरणारी दोरी.' पाहून मला समाधान वाटलं होतं, शाळेतल्या मुलाला उत्तर पुस्तकाच्या मागे सापडल्यावर वाटतं तसं. आणि खरं सांगायचं तर पाण्याचा शब्द असा काही वेगळा असेल हे डोक्यातही आलं नाही, कारण आमच्या घरात शेताला पाणी देत नाहीत, पाणी बांधतात. तमिळमध्ये तसं म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. भातात पाणी बांधायचं, म्हणजे बांध घालून उभं ठेवायचं. मुद्दाम पाणी न देणं याला काही नाव असू शकतं, ही कल्पना कावेरीकाठच्या माणसाच्या मनात कुठून यावी? इथे पाणी नसणं म्हणजे कालव्याला पाणी न सुटणं. ती आपत्ती असते. ती कुणी झाडाला देत नाही.

हे सगळं मी स्वतःशी बोलत होतो आणि मला कळत होतं की मी वकील लावला आहे. माझं मराठी हे पुस्तकांचं मराठी. वडिलांनी पाटीवर बाळबोध अक्षरं शिकवली, पुढे नोकरी लागल्यावर मी पुण्याहून टपालाने पुस्तकं मागवू लागलो. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तमिळमध्ये, आणि संध्याकाळी मराठी वाचलं. आमच्या मंडळींत कुणाकडे जुना कागद निघाला, लग्नाची पत्रिका देवनागरीत छापायची असली, की "बाळकृष्णरावांस विचारा" असं म्हणत. एवढीच माझी किंमत, आणि ती मला फार वाटे. एकसष्ट साली एकदाच पुण्याला गेलो होतो. एका दुकानात पंचा मागितला तेव्हा दुकानदार शेजारच्याला म्हणाला, "हे ऐतिहासिक नाटकातून थेट इकडे आलेले दिसतात." मी काय बोललो होतो? 'पंचा होणे आहे' असं काहीतरी. लोक हसले, प्रेमानेच. पुढचे चार दिवस मी त्या शहरात बोट दाखवून वस्तू घेतल्या. परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं की तिथलं मराठी फार बिघडलं आहे. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मलाही ती खरी वाटू लागली. नाशिकचं पत्र आलं तेव्हा कार्तिकेय ते दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आला होता, एखाद्या अनोळखी नाण्यासारखं उलटसुलट करत. "काका, तुमच्यावाचून कोण आहे आम्हांस?" असं म्हणाला. मी चष्मा पुसायला उगाच वेळ लावला.

कार्तिकेय वाईट नाही. चाळिशीचा आहे, पाय जमिनीवर टेकत नाहीत इतकंच. देशाची दारं उघडली हे वाक्य तो त्या वर्षांत जेवताना, स्कूटर चालवताना, झोपेतसुद्धा म्हणत असावा. मद्रासच्या दुकानांत ऑलिव्हचं तेल इवल्याशा बाटल्यांतून येतं, औषधासारखं, आणि उद्या ते पिंपांनी खपेल असं त्याचं म्हणणं. "आम्ही भातातच बुडून राहिलोंत काका. हजार वर्षं भात. पाण्यात उभे राहून राहून पायांस खवले यायचे तेवढे राहिलेत." त्याच्या माळाची जमीन लाल, मुरमाड, उतरती. तिथे भात येत नाही म्हणून ती घराण्यात कुणी मोजलीच नव्हती. त्याने कूपनलिका खोदली, काळ्या नळ्या अंथरल्या, दहा-दहा झाडांच्या बारा ओळी, दर ओळीला तोटी. पाणी थेंबाथेंबाने पडे. त्याला ठिबक म्हणतात हे मीच त्याला नाशिकच्या पत्रातून वाचून दाखवलं, आणि तो शब्द आम्हां सगळ्यांना इतका आवडला की भुवना गळक्या नळालासुद्धा ठिबक म्हणू लागली. दर शनिवारी कार्तिकेय मला स्कूटरवर मागे बसवून माळावर नेई. माझं काम मोजमापाचं. प्रत्येक झाडाची उंची पट्टीने, खोडाचा घेर दोऱ्याने, आणि वहीत ओळीवार नोंद. मी आयुष्यात मुलींना नद्यांची लांबी शिकवली, पण मोजलं असं काही नव्हतं. गुडघे टेकून एका करंगळीएवढ्या खोडाभोवती दोरा गुंडाळायचा, त्यावर नखाने खूण करायची. पानं वरून हिरवी, खालून राखाडी, वाऱ्याने उलटली की सगळी ओळ फिकी पडे. पहिल्या तीन महिन्यांत रोपं वीतभर वाढली. मी घरी येऊन आकडे पुन्हा पुन्हा पाही. वाढतंय हे कागदावर दिसण्यात एक सुख असतं. अखिलाला लहानपणी मी दाराच्या चौकटीशी उभी करून खुणा करत असे. दर संध्याकाळी तिला एक पान मराठी वाचायला लावी, एक दिवस चुकू दिला नाही, ताप असला तरी अर्धं पान. ती आता फोनवर इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्ही दोघंही ते लक्षात आलं नाही असं दाखवतो.

कलियपेरुमाळ पन्नाशीचा. तिरुवैयारुच्या अलीकडे वेट्टार नदीच्या काठी त्याचं गाव. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावच्या पाटाचं काम, कुणाच्या शेतात कधी पाणी वळवायचं, किती वेळ, कुठला बांध फोडायचा. कार्तिकेयने त्याला मुद्दाम शोधून आणला होता. तो कमी बोले आणि बोलला तर जमिनीकडे बघून. मातीची मूठ घेऊन आवळी, उघडी, बघे. मी भूगोलाच्या पुस्तकात मातीचे प्रकार शिकवले होते, पण मूठ उघडल्यावर माती फुटते की तशीच राहते हे पाहायचं असतं ते मला त्याच्यामुळे कळलं. दोर बांधायच्या दिवशी त्याने काथ्याचे तीनशेसाठ तुकडे स्वतः कापले, एकेका झाडाला तीन खुंट्या. बांधताना तो मला म्हणाला, "अय्या, दोर ठीक. पण पाणी पोदुम. खाली चिकणमाती आहे, वरून दिसत नाही. पाऊस आताच गेलाय. महिनाभर तोट्या बंद करू. पोदुम." पुरे, तो म्हणत होता. तोच अर्थ, तोच महिना, पत्रातलं वाक्य जणू तो तमिळमध्ये वाचून दाखवत होता, आणि मी त्याच्यापुढे पत्र हातात घेऊन उभा होतो. कार्तिकेयने माझ्याकडे पाहिलं. "काका, पत्रात काय आहे?" मी वाचलं. म्हणालो, "पत्रात तसं नाही."

एवढ्यावरच संपलं असतं तरी मी आज स्वतःला माफ करू शकलो असतो. पण त्या क्षणी मला काहीतरी टोचलं होतं. 'मुळे खाली जातात.' दोर बांधून मुळं धरतात, घट्ट होतात. खाली कशी जातील? हा विचार पापणी लवण्याइतका वेळ आला. नाशिकला एक कार्ड टाकून विचारता आलं असतं, 'ताण म्हणजे काय ते कृपया कळवावे.' मग तिथे एक निवृत्त अधिकारी ते कार्ड वाचून शेजारच्याला काय म्हणाला असता तेही मला ऐकू आलं. मी पत्राची घडी घातली.

कलियपेरुमाळने न सांगता दोन ओळींच्या तोट्या बंद केल्या, तिसरीच्या आणि चौथीच्या. का दोनच? मला वाटतं, त्याला दाखवायचं होतं, वाद घालायचा नव्हता. आणि ते पकडलं कुणी, तर मी. फेब्रुवारीत माझ्या वहीत त्या दोन ओळींचे आकडे थांबलेले दिसले. बाकीच्या ओळी चढत होत्या, मऊ, लांब, फिकट हिरव्या. त्या दोन ओळी बुटक्या, पानं बारीक, जाड, जवळजवळ रुपेरी. मी कार्तिकेयला सांगितलं, शिक्षकाने मुलाच्या घरी कळवावं तसं. त्याने जाऊन पाहिलं तर तोट्या घट्ट आवळलेल्या. कलियपेरुमाळ नाकबूल गेला नाही. पुढच्या पंधरवड्यात इतर ओळी पिवळ्या पडू लागल्या. कार्तिकेयचं गणित सरळ होतं. दोन ओळींचं पाणी बंद केलं, ते बाकीच्यांत जास्तीचं गेलं, बाकीच्या बुडाल्या. "मी याला माणूस मानला, घरच्या जेवणाचा डबा दिला, आणि हा माझ्या पाठीमागे तोट्या फिरवतो!" त्याचे डोळे भरून आले होते. मेलेली झाडं दोरांमुळे पडलीही नाहीत. तीन बाजूंनी ताणलेली, उभीच मेलेली. मी एक उपटून पाहिलं. अलगद हातात आलं. मुळं वरच्या वर केसांसारखी, तपकिरी, आणि वास गटारीचा. चौथ्या ओळीतलं एक ओढून पाहिलं, हललं नाही. हे दोन्ही मी माझ्या हातांनी केलं आणि तरीही मला काही कळलं नाही, किंवा कळू दिलं नाही. आता नक्की ते सांगता येत नाही.

चार वाजता मी कार्तिकेयच्या दारात होतो. रस्ताभर मी एक उपाय जुळवत आलो होतो, आणि तो उपाय चांगला होता हेच त्यातलं वाईट. पत्र मीच लिहिणार. कार्तिकेय सांगेल ते नाही, खरं ते लिहायचं, नाशिकला खरं कळेल. आणि वाचून दाखवताना कार्तिकेयने सांगितलेलं वाचून दाखवायचं. त्या घरात माझ्या अक्षरावर नजर टाकून 'हे तसं नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. माझा कबुलीजबाब टपालाने पाचशे कोसांवर निघून जाईल आणि दर शनिवारची स्कूटर राहील.

"बैसा काका, किती घाम हा!" भुवनाने पंखा लावला, वाटीसारख्या डबऱ्यात तंबलर ठेवून कॉफी आणली. "जेवलांत की नाही? तोंड पाहा कसं झालंय."

"जेवलो."

"खोटं. शेषम्मा म्हणाली, तुमच्याकडे फुलं द्यायला गेली तेव्हा पानावर सगळं तसंच होतं." शेषम्मा आमची फुलवाली, कलियपेरुमाळच्याच गावची. भुवना आवाज खाली करून म्हणाली, "आणखी काय म्हणाली ठाऊक आहे? गावात त्याला पाटावर जाऊ देईनात म्हणे. झाडं बुडवणारा म्हणून पोरंटोरं हाका मारतात. पाटाचं फावडं त्याच्या धाकट्या भावाने घेतलंय आता."

"मग घेऊ दे," कार्तिकेय आतून कागद घेऊन आला. "मी नाही हाका मारायला शिकवलं कुणास." पण तो बसला तो भुवनाकडे पाठ करून. "लिहा काका. चांगल्या मराठीत लिहा, तुमच्या. मी आपलं घरचं सांगतो. आमची रोपं मेली. आम्ही पत्राप्रमाणे सगळं केलं. पण पाणीवाला माणूस अडाणी, त्याने तोट्या फिरवल्या. सरि? पुढच्या वर्षी परत साठ रोपं देताव का, असं विचारा."

मी लिहू लागलो. तो बोलत होता आणि माझा हात दुसरंच लिहीत होता. त्याचं बोलणं संपल्यावरही मी दोन ओळी लिहीत राहिलो. "बघ, साहित्यिक भाषा," तो भुवनाला म्हणाला, "मी चार वाक्यं सांगितली, काकांनी पान भरलं." मग हात बांधून मागे टेकला. "वाचा."

मी कागद उचलला. तोंडाशी दोन पत्रं होती. एक त्याने सांगितलेलं, ते तर मला पाठच झालं होतं. मी 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' इथपर्यंत आलो आणि थांबलो. कॉफीवर साय धरली होती. कार्तिकेयच्या तळव्यांना माळावरची लाल माती होती, रविवारीसुद्धा. तो एकटाच मेलेली झाडं काढत असावा.

मी कागदावर होतं ते वाचलं. "'आपण दिलेल्या एकशेवीस रोपांपैकी बत्तीस जिवंत आहेत. त्यांतली वीस कलियपेरुमाळ या आमच्या पाणी पाहणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या समजुतीने पाणी बंद ठेवून जगवली. महिनाभर ताण द्यावा असे आपण लिहिले होते. ताण म्हणजे पाणी तोडणे हे पत्र वाचणाऱ्यास ठाऊक नव्हते. त्याने दोर बांधावेत असा अर्थ सांगितला. कलियपेरुमाळ यांनी पाणी पुरे असे त्याच वेळी सांगितले होते. तेव्हा पत्रात तसे नाही असे त्यांस सांगण्यात आले. चूक सर्वस्वी पत्र वाचणाऱ्याची आहे.'"

पंखा फिरत होता. भुवनाला पहिल्यांदा हसू आलं, तिला आवरेना. "तीनशेसाठ दोर! अय्यो, काका, तीनशेसाठ दोर कापले त्याने!" आणि मग ती हसता हसता थांबली आणि कॉफीचा पेला उचलून आत गेली.

"हे कधी कळलं तुम्हांस?" कार्तिकेयने विचारलं.

"आज सकाळी. टेलिफोनच्या बूथमध्ये. एका बाईंनी सांगितलं."

"म्हणजे तोवर तुम्हांस ठाऊकच नव्हतं. मग तुमचा काय दोष?" त्याच्या आवाजात मला बाहेर पडायला वाट ठेवलेली होती. त्याला ती माझ्यापेक्षा जास्त हवी होती, असं मला वाटलं. माझी चूक नसेल तर त्याचीही थोडी कमी.

"शंका आली होती," मी म्हणालो. "तो पोदुम म्हणाला त्याच दिवशी. कार्ड टाकून पुसता आलं असतं. पुसलं नाही."

"का?"

उत्तर होतं, पण ते पुण्यातल्या एका दुकानापासून सुरू होत होतं आणि फार लांब होतं. "लाज वाटली," एवढंच म्हणालो.

तो उठला. खिडकीशी जाऊन उभा राहिला, परत आला. "वीस झाडं," तो स्वतःशी म्हणाला. "आणि मी त्यास काय काय बोललो. भुवने, त्याच्या बायकोसमोर बोललो मी." मग मला म्हणाला, "सकाळी साडेसहाची बस आहे तिरुवैयारुची. तुम्हीही या. स्कूटरवर नको, बसने जाऊ. त्याच्या दारात गाडी घेऊन जाणं बरं नाही." आणि माझ्याकडे न पाहता, "त्याच्या गावात सांगायला लागेल, काका. नुसतं त्यास सांगून भागणार नाही. पाटावर चार माणसं असतात तिथं."

"सांगेन."

"तमिळमध्ये सांगा. दोराचंही सांगा."

"सांगेन."

त्याने हात पुढे केला. मी पत्र दिलं. तो ते डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागला, ओळीवरून ओळीवर, वाचता येणाऱ्या माणसासारखं. "यात कलियपेरुमाळ कुठं लिहिलंय?"

मी बोट ठेवलं. त्याने त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली आला, आणखी खाली. "आणि दुसरीकडे?" मी दुसरीकडेही दाखवलं.

"आणि तुमचं?"

मी कागदाकडे पाहिलं. पानभर शोधण्यात अर्थ नव्हता, मीच लिहिलं होतं. 'पत्र वाचणाऱ्यास'. 'पत्र वाचणाऱ्याची'. 'सांगण्यात आले'. मी कागद मागून घेतला. 'पत्र वाचणाऱ्याची' यातला 'ची' ठेवून बाकीवर काट मारली, आणि वरच्या मोकळ्या जागेत, जरा तिरकं, बाळकृष्णराव असं लिहिलं. जागा कमी पडली म्हणून शेवटचा 'व' ओळीच्या बाहेर गेला. देवनागरीत माझं नाव मी किती वर्षांत लिहिलं नव्हतं, सही मी इंग्रजीत करतो. 'ळ' नीट आला नाही. कार्तिकेय वाकून पाहत होता.

"हे तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "हा मी."